माझी टपटप थांबली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना हातपॉट आहे. हातपॉट म्हणजे हातानं दांडा फिरवून आइस्क्रीम किंवा सरबत गोठवायचं लाकडी भांडं. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेलं नसेल, आणि ज्यांनी पाहिलं असेल त्यांना मी अडगळीतली एखादी फुटकी बादली वाटलो असेन. बादली म्हटलेलं मला चालतं. फुटकी म्हटलेलं मात्र मुळीच चालत नाही. माझ्या अंगाला, वरच्या बाजूला, करंगळी जाईल एवढं एक भोक आहे. पण ते पडलेलं नाही, सुतारानं मुद्दाम पाडलेलं आहे. त्या भोकापायी एका माणसाचं तोंड कायमचं मिटायची वेळ आली होती. म्हणून आधी त्याचंच सांगतो.

माझा जन्म अकोल्यातल्या एका सुताराच्या दुकानात झाला. त्यानं सागवानी फळ्या एकमेकींना खेटून उभ्या केल्या, बाहेरून लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि माझी बादली तयार झाली. तिच्या मधोमध झाकणाचा एक उंच गोल डबा बसवला, आतून कल्हई केलेला. डब्यात लाकडी पंखा, वर दातेरी चाकं आणि त्यांना जोडलेला दांडा. डब्यात सरबत ओतायचं, डब्याभोवती बर्फ आणि खडेमीठ ठासायचं आणि दांडा फिरवत राहायचं. नुसत्या बर्फानं सरबत गार होतं, पण धरत नाही. मीठ पडलं की बर्फ भराभर विरघळतो आणि विरघळताना असा कडक गार होतो की आतलं सरबत गोठायला लागतं. पंखा फिरत असतो म्हणून त्याचे टोकदार खडे होत नाहीत. ते लोण्यासारखं मऊ राहतं.

आता विरघळलेल्या बर्फाचं खारं पाणी बादलीत साठणारच. ते चढत चढत डब्याच्या झाकणापर्यंत पोचलं, तर फटीतून आत शिरेल आणि सगळ्या गोडाचं मातेरं करील. म्हणून ते भोक! झाकणाच्या थोडं खाली. पाणी तिथवर आलं की गुमान बाहेर पडतं. एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.

मला विकत घेतलं ते पोहरादेवीजवळच्या एका तांड्यातल्या भाऊसिंग नावाच्या माणसानं. तेव्हा ते ऐन जवानीत होते. मिशीला पीळ होता आणि बोलण्याला त्याहून जास्त. एसटीत ते मला मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं माझं लगेजचं तिकीट फाडलं, तर त्याच्याशी थेट मानोऱ्यापर्यंत भांडत आले. "हे माह्यं लेकरू हाये! मांडीवरल्या लेकराले कुठी तिकीट राह्यते काय?" सगळी गाडी हसत होती. मी मात्र हसलो नाही. त्याआधी मला कुणीच आपलं म्हटलं नव्हतं.

तांड्यातली माणसं आपसात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. पण तुम्हाला कळावं म्हणून त्यांचं बोलणं मी बाजारात चालतं त्या वऱ्हाडीत सांगतो आहे.

रामनवमीला पोहरादेवीला यात्रा भरते. माणसांचा नुसता पूर लोटतो. भाऊसिंग मला एका कडुलिंबाखाली मांडायचे आणि माझ्या डब्यातून काय काय निघायचं! मंगरूळपीरकडच्या संत्र्यांचं केशरी, गुलाबाच्या पाकळ्यांचं गुलाबी, वाळवलेल्या पळसफुलांचं पिवळं. दूध कशातच नसे. पानाच्या द्रोणात घातलं की पहिल्या चाटण्याला माणूस शहारायचा आणि दुसऱ्याला हसायचा. मोबाइलवर हल्ली याला सॉर्बे म्हणतात म्हणे. आमच्या यात्रेत त्याला 'बिनदुधाचं' एवढंच नाव होतं.

एका यात्रेत संत्री लवकर संपली. भाऊसिंगांनी शेजारच्या टपरीवरून कोरा चहा मागून घेतला, त्यात गवती चहाची पात आणि साखर घालून पुन्हा उकळला, गार केला आणि माझ्यात ओतला. लोकांनी टिंगल केली. "अरे, च्या बी कोनी गोठवते काय?" शेवटी कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या भरलेल्या एका म्हातारीनं धीर करून एक द्रोण घेतला. चाटला, डोळे मिटले आणि द्रोण पुन्हा पुढं केला. "अजून दे रे बापू." तेव्हापासून म्हातारी माणसं लांबून विचारत यायची, चहावाला पॉट कुठे बसला आहे म्हणून. मित्रांनो, मी थोडा फुगलो होतो. लाकूड आहे मी, फुगणारच.

दुपारी गर्दी ओसरली की भाऊसिंग बसल्या जागी पेंगायचे. हात मात्र दांडा फिरवत असायचा. माझ्या भोकाखाली त्यांनी तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवलेला असे. त्यात पाणी पडायचं. टप, टप, टप. बर्फाचा एखादा तुकडा भोकात अडकून ती टपटप थांबली, की त्यांचा एक डोळा खाडकन उघडायचा. कडुलिंबाची काडी घालून ते भोक मोकळं करायचे, गिऱ्हाइकाला म्हणायचे, "याचं नाक चोंदलं व्हतं," आणि पुन्हा पेंगायला लागायचे.

या सगळ्या वर्षांत त्यांच्या गालात तंबाखूची गोळी असायची. मी रोज पाहत होतो. मला बोलता येत नाही, आणि ज्यांना येत होतं त्यांचं ते ऐकत नव्हते.

पुढे यात्रेत गाणी वाजवणाऱ्या आइस्क्रीमच्या गाड्या आल्या. मुलं तिकडे धावली, मग मुलांच्या मागे मोठी माणसं गेली. भाऊसिंगांनी मला धुऊन पुसून घरी आणलं आणि कोठ्यात पालथं घातलं. नंतर कुणीतरी मला सुलटं केलं आणि माझ्यात लाल मिरच्या भरल्या. त्यानंतर सरकी. त्यानंतर एक कोंबडी माझ्यात अंड्यांवर बसली. पिल्लं निघाली तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! पण माझ्या फळ्या सुकत चालल्या होत्या, दोन फळ्यांमधून उजेड दिसायला लागला होता, आणि भाऊसिंग कोठ्यात आले तरी माझ्याकडे बघत नव्हते. तेव्हा मला त्यांचा राग यायचा.

तो राग या उन्हाळ्यात गेला.

भाऊसिंगांच्या तोंडात गाठ निघाली. अकोल्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, जिभेचा बराचसा भाग काढावा लागला. नंतर शेक दिले, म्हणजे किरणांचे उपचार. शेकांनी तोंड आतून सोलल्यासारखं झालं. कंडक्टरशी मानोऱ्यापर्यंत भांडणारा तो माणूस आता नुसता "आं, आं" करायचा. गरम सोसेना, आंबट सोसेना, दूध घशात चिकटून बसे. पाण्याचा घोट घेतानाही त्यांचे डोळे गच्च मिटायचे. अंगावरची बंडी लोंबायला लागली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "पुढच्या वेळी याल तोवर तोंडानं काहीतरी पोटात जायला लागलं पाहिजे. नाहीतर नाकातून नळी घालू. नळी वाईट नसते, ती माणसाला जगवते." पण वॉर्डात शेजारच्या खाटेवर भाऊसिंगांनी नळी घातलेला माणूस पाहिला होता. घरी आल्यावर त्यांनी हात जोडून, मान हलवून, नळी नको म्हणून सांगितलं. म्हणजे तोंडानं जाईना आणि नळी घेईनात. याचा अर्थ काय होतो ते घरात सगळ्यांना कळत होतं.

घरात होते तरी कोण? त्यांची बायको रुपाबाई, मुलगा बादल आणि सून रंजीता.

रंजीतानंच डोकं चालवलं. तिनं मोबाइलवर एक बाई बिनदुधाचं सरबत गोठवताना पाहिली. शेजारच्या फ्रिजमध्ये वाटी ठेवून पाहिली, तर त्याचा दगड झाला. फोडला तर काचेसारखे तुकडे. ते कुठले द्यायचे त्या तोंडात! तेव्हा तिला कोठ्यातला मी आठवलो. कोंबडीला हाकलून तिनं मला बाहेर आणलं.

माझ्या फळ्या सुकलेल्या. पाणी घातलं की चारही बाजूंनी धारा. अशा वेळी लाकडाला भिजत ठेवावं लागतं, मग ते फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. पण आमच्या तांड्यावर उन्हाळ्यात नळ एक दिवस येतो तर दोन दिवस येत नाही. रुपाबाईंनी आयुष्यभर डोक्यावर पाणी वाहिलेलं. माझ्यात ओतलेली घागर जमिनीत जिरताना पाहून त्यांचा जीव कासावीस झाला. त्या फटी चाचपत बसल्या. हळूहळू एकेक फट मिटली. राहिलं ते एक भोक.

"याडी, सगळं बंद झालं पाहा," रंजीता म्हणाली. याडी म्हणजे आई. सासूलाही ती तेच म्हणते.

"हे एक राह्यलं ना व," रुपाबाई म्हणाल्या. त्यांनी आपल्या जुन्या लाल ओढणीची चिंधी फाडली, तिचा घट्ट बोळा केला आणि माझ्या भोकात अंगठ्यानं दाबून बसवला.

तुम्ही म्हणाल, नवऱ्यानं इतकी वर्षं हा धंदा केला आणि बायकोला एवढं माहीत नाही? नव्हतं माहीत. मी कायम यात्रेत, मेडशीच्या बाजारात, कधी जऊळक्याच्या स्टेशनाबाहेर. त्या शेतात. मला काम करताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं भोक म्हणजे गळती आणि गळती म्हणजे पाप.

ते पहिलं सरबत गुलाबाचं होतं. घरामागं, भाऊसिंगांच्या कानाआड, रंजीतानं दांडा फिरवला. खारं पाणी चढलं, झाकणावर आलं आणि आत शिरलं. मी ते थांबवू शकलो नाही. सासऱ्याच्या वाटचं उष्टं कसं करायचं म्हणून तिनं चाखलंही नाही. रुपाबाईंनी पहिला चमचा भाऊसिंगांच्या तोंडात घातला.

सोललेल्या तोंडात मीठ!

त्यांचं ओरडणं अख्ख्या तांड्यानं ऐकलं. त्यांनी वाटी भिरकावली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. रुपाबाई सुनेवर कडाडल्या, "झाकन पुसता येत नाई तुले? जीव घेतं का मानसाचा?" रंजीता चुलीपाशी जाऊन रडली. तिलाही तेच वाटत होतं, की बर्फ ठासताना आपल्याच हातानं मीठ उडालं.

खरी गोष्ट मला ठाऊक होती. आणि मित्रांनो, आणखी एका माणसालाही ठाऊक होती. जन्म माझ्यासोबत काढलेल्या भाऊसिंगांना ती चव कळली होती. एवढं मीठ हातानं उडत नाही. एवढं मीठ पाणी चढल्याशिवाय येत नाही. दुखणं जरा शांत झाल्यावर ते उठून बसले आणि सांगायला लागले. "आं, आं." माझ्याकडे बोट दाखवलं. मग हवेत चिमूट धरली, पिळली आणि बाहेर ओढली. पुन्हा चिमूट, पुन्हा पिळणं, पुन्हा ओढणं.

"काय म्हून राह्यले?" बादलनं विचारलं.

रुपाबाई बघत राहिल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्या आत गेल्या, कमरेची किल्ली काढली आणि आणून नवऱ्याच्या हातात ठेवली. पेटीची किल्ली. त्यांना वाटलं, कुलूप उघडायला सांगताहेत. आता सगळं वाटून द्यायचं म्हणताहेत. "असं नोका करू जी," त्या म्हणाल्या आणि तोंडाला ओढणी लावून रडू लागल्या.

भाऊसिंगांनी किल्लीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. बादलला वाटलं, बाप या पॉटवर चिडला आहे. "भंगारवाला आला की देऊनच टाकतो याले," तो म्हणाला. भाऊसिंगांना लिहिता येत नव्हतं. मला तर काहीच येत नाही. त्या घरात खरं माहीत असलेले आम्ही दोघं, आणि दोघंही मुके.

त्यानंतर त्यांनी तोंडच उघडलं नाही. चमचा दिसला की ओठ घट्ट.

अकोल्याला जायचा दिवस उद्यावर आला. सकाळी रंजीता सासूला म्हणाली, "याडी, एकडाव च्याचं करून पाहतो. आंबट नाई, तिखट नाई. त्यायले च्या लय आवडे." रुपाबाईंनी खाटेजवळ जाऊन विचारलं. मग भाऊसिंगांनी एकदाच पापण्या मिटल्या. हो म्हणाले. पण तो 'हो' किती पातळ होता ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. पुन्हा तसं झालं तर त्यांचे ओठ कुणासाठी उघडणार नव्हते.

बादलनं मानोऱ्याहून पोत्यात गुंडाळून बर्फ आणला आणि उद्याच्या गाडीचं बघायला तो गेला. घरात तेवढाच बर्फ. रंजीतानं कोरा चहा उकळला, गवती चहाची पात टाकली, गाळला, गार केला. या खेपेला तिनं झाकण पुसलं, पुन्हा पुसलं, कोरड्या फडक्यानं तिसऱ्यांदा पुसलं. ती पुसत होती आणि मला ओरडावंसं वाटत होतं, की अगं, झाकणाचं नाही ते!

ऊन वाढलं म्हणून मला ओसरीत, भाऊसिंगांच्या खाटेजवळ मांडलं. बोळा निघालेला होता. मला धुताना तो गळून पडला होता. माझा जीव भांड्यात पडला. रंजीतानं बर्फ भरला, मीठ पेरलं. तांड्यात हल्लीच्या सुना फारसं पाळत नाहीत, पण रंजीता सासऱ्यासमोर पदर तोंडावर ओढायची आणि त्यांच्याशी थेट बोलायची नाही. तशीच आताही ती खाटेकडे पाठ करून बसली आणि दांडा फिरवू लागली.

थोड्या वेळानं पाणी भोकापर्यंत आलं आणि ओसरीच्या मातीवर पडायला लागलं. टप, टप, टप.

किती वर्षांनी! खाटेवर भाऊसिंगांनी मान वळवली. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या. मी टपटपत होतो आणि ते ऐकत होते, आणि क्षणभर मला वाटलं, आम्ही दोघं कडुलिंबाखाली यात्रेत बसलो आहोत.

तेवढ्यात रुपाबाई आल्या. "आग माय! एवढं थंडगार पानी मातीत चाल्लं," त्या पुटपुटल्या. अंगणातली ती लाल चिंधी त्यांनी उचलली, नीट घडी घालून बोळा केला आणि माझ्या अंगावरून मायेनं हात फिरवत तो भोकात खोलवर ढकलला. मग त्या वाटी-चमचा विसळायला गेल्या.

टपटप थांबली.

भाऊसिंगांचा एक डोळा खाडकन उघडला.

"आं!"

रंजीता दचकली, पण वळली नाही. "याडी, बा काय म्हून राह्यले पाहा," तिनं हाक मारली.

"भूक लागली असीन. कर लवकर," आतून उत्तर आलं.

रंजीता दुप्पट जोरानं फिरवू लागली. जितकं जोरात फिरवावं तितका बर्फ लवकर विरघळतो. पाणी भराभर चढायला लागलं. मला माझ्या फळ्यांवर त्याचा गारठा वर सरकताना कळत होता. भोक बुडालं. आता पाणी आणि झाकण यांच्यात बोटभर अंतर.

भाऊसिंगांनी स्टीलचा पेला उचलला आणि खाटेच्या पायावर आपटला. ठण्ण! ठण्ण!

"आलं, आलं जी! जराक दम धरा!" रुपाबाई धावत बाहेर आल्या. त्यांनी पेला काढून घेतला. भाऊसिंगांनी हवेत चिमूट धरली, पिळली, ओढली. रुपाबाईंचा हात झटकन कमरेच्या किल्लीवर गेला आणि डोळे भरून आले. "आज नोका ना जी असं. आज तं च्या हाये."

पाणी आणि झाकण यांच्यात आता गव्हाच्या दाण्याएवढी जागा. मी दांडा अडवून पाहिला. दातेरी चाकं कुरकुरवली. रंजीताला वाटलं सरबत धरायला लागलं, म्हणून तिनं आणखी जोर केला. ती यावेळी चाखून बघणार होती हे खरं, आणि खारट झालेलं तिला कळलंही असतं. पण मग दुसरा बर्फ नव्हता, दुसरा दिवसही नव्हता.

आणि मग भाऊसिंग खाटेवरून उठले.

कितीतरी दिवसांत ते आधाराशिवाय उभे राहिले नव्हते. एक पाऊल टाकलं. रुपाबाई धरायला धावल्या, त्यांनी हात झिडकारला. दुसरं पाऊल टाकलं आणि ते माझ्यासमोर मातीत कोसळले. सासरा इतका जवळ आलेला पाहून रंजीता दांडा सोडून मागे सरली आणि रिवाजाप्रमाणे तोंड फिरवून उभी राहिली.

भाऊसिंगांची बोटं माझ्या अंगावर चाचपडू लागली. ती बोटं मी विसरलो नव्हतो. भोक सापडलं, पण बोळा भिजून फुगला होता आणि नखांत बळ नव्हतं. ते ओरबाडत होते. बोळा हलेना. झाकणाच्या कडेला पहिला थेंब लागला. "आं... आं..." ते आता ओरडत नव्हते. रडत होते.

रंजीता वळली.

तिनं तोंडावरचा पदर मागे सारला आणि सासऱ्याच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. मग त्यांच्या बोटांकडे. मग भोकाकडे. तिनं अंबाड्यातला आकडा उपसला, बोळ्यात रुतवला आणि सगळा जीव लावून ओढला.

फस्सकन पाणी सुटलं! भाऊसिंगांच्या धोतरावर, रंजीताच्या साडीवर, सगळ्या ओसरीभर. रुपाबाईंच्या पायांखालून ओघळ गेला तरी त्या हलल्या नाहीत. आकड्याला लोंबणारी लाल चिंधी त्या बघत होत्या. स्वतःची ओढणी कुणाला ओळखू येत नाही?

रंजीतानं झाकण पुसलं, उघडलं. आत उदी रंगाचं सरबत मऊ मऊ होऊन पंख्याला धरलेलं होतं. तिनं कडेचं थोडंसं बोटावर घेऊन चाखलं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"गोड हाये," ती म्हणाली. थेट सासऱ्याला म्हणाली.

रुपाबाई मटकन खाली बसल्या. "मीच घातला व बोळा," त्या म्हणाल्या. "तवा बी मीच घातला व्हता. पानी वाया जाते म्हून. अन् बोलली तुले." रंजीतानं वाटी भरली आणि सासूच्याच हातात दिली. "घे याडी. तूच चार."

चमचा पुढं आला. भाऊसिंगांनी त्याच्याकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते. अंगणातली कोंबडीसुद्धा गप्प होती असं मला आठवतं, पण ते माझ्या मनाचंही असेल. मग ओठ हळूच उघडले. चमचा आत गेला. त्यांनी डोळे गच्च मिटले, आणि आम्ही दुखण्याची वाट पाहिली. दुखणं आलं नाही. गळ्यातली घाटी एकदा वर गेली आणि खाली आली.

डोळे न उघडताच त्यांनी तोंड पुन्हा उघडलं.

अर्धी वाटी गेली. तेवढ्यानं थकून ते भिंतीला टेकले, रुपाबाईंकडे पाहिलं, हवेत चिमूट धरली, पिळली आणि ओढली. रुपाबाईंना आता कळलं. त्या रडता रडता हसायला लागल्या, आणि कमरेची किल्ली काढून त्यांनी नवऱ्याच्या गुडघ्यावर हलकेच मारली.

अकोल्याला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोंडानं जातंय ना? मग नळीचं थांबू या. बघू." बघू म्हणजे बरे झाले असं नव्हे. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. भाऊसिंगांची वाट अजून लांब आहे. पण रोज वाटीभर काही ना काही उतरतं. एक दिवस चहा, एक दिवस गुलाब. आंबट नसलेल्या पपईचंही झालं परवा. रंजीता आता खाटेकडे तोंड करून बसते. डोक्यावर पदर असतो, तोंडावर नसतो. भाऊसिंग बोटानं सांगतात, मीठ कमी, बर्फ जास्त, आणि ती "हो बा" म्हणते. बादलनं भंगारवाल्याचं नाव काढलेलं नाही. रुपाबाईंचा जीव पाण्यासाठी अजून तुटतोच, म्हणून त्यांनी भोकाखाली पत्र्याचा डबा ठेवला आहे. त्यातलं खारं पाणी त्या परातीत उन्हाला ठेवतात, आणि उरलेलं मीठ पुढच्या बर्फाला वापरतात.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिच्यातलं जे तुम्हाला मोडकं वाटतं ते बुजवण्याआधी जरा विचारा. आणि घरात कुणाला बोलता येत नसेल, तर त्याच्याकडे पाठ करून बसू नका. त्याला काहीतरी सांगायचं असतं. एवढीच माझी विनंती आहे.

आता मला गप्प बसायला हवं. दुपार झाली आहे, भाऊसिंगांचा डोळा लागला आहे आणि रंजीता हळूहळू दांडा फिरवते आहे. पत्र्याच्या डब्यात टपटप चालू आहे. ती थांबली, तर एक डोळा उघडेल.